विद्यापीठाजवळ चौघांत फ्लॅट घेताना: शोधापासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

वसतिगृहाची यादी लागते, त्यात नाव नसतं, आणि लेक्चर सुरू व्हायला जेमतेम आठवडा उरलेला असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बाहेरगावाहून आलेल्या कितीतरी मुलामुलींची घरशोधणी अशीच सुरू होते. माझीही अशीच झाली होती. त्यानंतर मी तीन घरं बदलली आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गावाकडच्या ज्युनियर मुलांबरोबर घरं बघत फिरलो. त्या फिरण्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. मजकूर मोठा आहे, पण त्यातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: ज्या घरात राहाल त्याच्या नोंदणीकृत करारावर तुमचं स्वतःचं नाव असलं पाहिजे. मित्राचं असून भागत नाही. का, ते कराराच्या भागात येईलच.

आधी कुठे उतरायचं

गावाकडे बसून फोनवर घर पक्कं करू नका. पहिले दहा-पंधरा दिवस नातेवाइकांकडे, सिनियरच्या खोलीवर किंवा कॉट बेसिसवर काढा. कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक खाट आणि एक कपाट तुमचं, बाकी सगळं सामायिक. पीजीमध्ये, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहताना, बहुतेक ठिकाणी साफसफाई आणि जेवण मालकाकडून मिळतं, त्या बदल्यात वेळेचे नियम पाळावे लागतात. फ्लॅटमध्ये झाडूपासून लाइटबिलापर्यंत सगळं तुमच्या अंगावर असतं, पण चौघांनी नीट चालवला तर माणशी खर्च कमी पडतो आणि रात्री अकराला दार कोण उघडेल ही चिंता राहत नाही. कॉट बेसिसचा एखादा महिना थोडा महाग पडला तरी पडू द्या. तेवढ्या वेळात परिसर कळतो, वर्गातली माणसं कळतात.

ऑनलाइन जाहिराती बघताना एका फसवणुकीची माहिती हवीच. फ्लॅटचे सुंदर फोटो, भाडं आजूबाजूच्या निम्मं, आणि मालक म्हणतो की मी लष्करात किंवा निमलष्करी दलात आहे, बदली झाली म्हणून घर भाड्याने देतोय. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग टोकन मागतो, किंवा "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुम्हालाच परत येतील" म्हणतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. उशीर होत जाईल तशी रक्कम अडवून धरण्याची शक्यता कमी होते.

सोबती ठरवणं

घर शोधण्याआधी माणसं ठरवा. दोघांनी फ्लॅट घ्यायचा आणि उरलेले दोघे "मिळतील नंतर" या भरवशावर राहायचं, हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा घर घेणाऱ्यांनी तीन महिने दुप्पट भाडं भरलं.

मैत्री आहे म्हणजे एकत्र राहणं जमेल असं नाही. प्रश्न अगदी साधे विचारा. पहाटे पाचला अलार्म लावून एमपीएससीचा अभ्यास कोण करणार? रात्री दोनपर्यंत फोनवर कोण बोलणार? महिन्याचे पैसे घरून कोणत्या तारखेला येतात? मांसाहार घरात चालेल का? शनिवार-रविवारी गावाकडचे भाऊ, मित्र राहायला येणार का, आणि आले तर किती रात्री? हे प्रश्न पहिल्या दिवशी अवघड वाटतात, पण नोव्हेंबरमध्ये भांडताना विचारण्यापेक्षा बरे.

टू बीएचकेत चौघं ही माझ्या मते शेवटची मर्यादा. पाचवा आला की सकाळी साडेआठला बाथरूमपुढे रांग लागते. भाडं सारखं वाटायलाच हवं असंही नाही. मोठी, बाल्कनीची, स्वतंत्र बाथरूम असलेली खोली घेणाऱ्या दोघांनी थोडं जास्त द्यावं, आणि ते खोल्या वाटून घेण्याआधी ठरवावं.

कोणत्या बाजूला राहायचं

विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे. "विद्यापीठापासून दोन किलोमीटर" हे वाक्य म्हणूनच फसवं असतं. मुख्य गेटपासून दोन की तुमच्या विभागापासून दोन, हे विचारा. विभाग खडकीच्या बाजूला असेल तर तिकडचं गेट जवळचं पडतं. ते किती वाजेपर्यंत उघडं असतं हे मात्र सुरक्षारक्षकाला स्वतः विचारून घ्या.

मॉडेल कॉलनी, शिवाजीनगर, गोखलेनगर या बाजूला सगळं हाताशी आहे, पण घरं जुनी आणि भाडं चढं. औंध सोयीचं आणि महागच. बाणेर-पाषाणला इमारती नव्या, लिफ्ट आणि पार्किंग चांगलं. बाणेर-बालेवाडीच्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात, तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो की तुमच्याकडून वेगळा घेतात हे विचारायचं विसरू नका. खडकी, बोपोडी आणि नदीपलीकडची सांगवी विद्यार्थ्यांच्या खिशाला जास्त परवडतात. जुन्या सांगवीत आणि बोपोडीत नदीकाठच्या सखल भागात तळमजला घेऊ नका. धरणातून विसर्ग वाढला की तिथे पाणी शिरतं. शेजारच्या दुकानदाराला विचारा, मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

जाण्यायेण्याचा अंदाज नकाशावर घेऊ नका. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, आणि त्यानंतर पूल आणि मेट्रोच्या कामात तिथल्या कोंडीने विद्यार्थ्यांच्या पिढ्या बघितल्या. सकाळी साडेनऊला, तुमच्या लेक्चरच्या वेळी, त्या घरापासून विभागापर्यंत एकदा खरोखर जाऊन बघा. गाडी नसेल तर पीएमपीच्या (शहर बसच्या) थांब्यापर्यंत पायी किती मिनिटं लागतात तेही मोजा. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात उशिरापर्यंत बसायची सवय असेल तर रात्री दहानंतर त्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे मुलींनी तर बघावंच, मुलांनीही बघावं.

घर बघताना

एक घर दोनदा बघा. एकदा संध्याकाळी, एकदा सकाळी. सकाळी पाण्याचा दाब कळतो, संध्याकाळी शेजार कळतो. देखभालीच्या कामासाठी पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवतात आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा, कमी दाबाने येतं. टाकी लहान असेल तर अशा शुक्रवारी सकाळी बादल्या मोजाव्या लागतात. म्हणून शुक्रवारी सकाळी घर बघायला मिळालं तर उत्तम.

नळ सगळे उघडून बघा, फ्लश ओढा, गिझर दहा मिनिटं चालू ठेवा. छताच्या कोपऱ्यात आणि खिडकीखाली ओल आहे का ते हाताने चाचपा. रंग ताजा असेल तर जास्तच. प्रत्येक खोलीत उभं राहून मोबाइलला रेंज येते का पाहा. मुख्य दाराचं कुलूप स्वतः लावून-उघडून बघा.

मग खाली येऊन वॉचमनशी बोला. आधीचे भाडेकरू का गेले, हे त्याला माहीत असतं. सोसायटीत बॅचलरना चालतं का, हेही. काही सोसायट्या विद्यार्थ्यांना मुळीच नको म्हणतात, काही रात्री पाहुण्यांना बंदी घालतात. मालक "काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला तरी सेक्रेटरीशी त्याचं बोलणं झालंय का, हे त्याच्याकडून वदवून घ्या. अन्यथा सामान घेऊन टेम्पो गेटवर उभा राहतो आणि आत सोडत नाहीत. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. ते शुल्क मालकाच्या नावावर लागतं. "सोसायटी बॅचलरसाठी जास्त घेते" म्हणून कोणी भाडं वाढवून सांगत असेल तर हा आकडा सांगा.

महावितरणचं शेवटचं बिल मागा. थकबाकी आहे का ते त्यावरच दिसतं.

पैशाचं बोलणं

समजा, फ्लॅटचं भाडं २४,००० रुपये. तीन महिन्यांचं डिपॉझिट ७२,०००. एजंटमार्फत घेतला तर अकरा महिन्यांच्या करारासाठी एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मागण्याची पद्धत आहे, म्हणजे आणखी २४,०००. कराराचा खर्च, तो करून देणाऱ्याची फी धरून, चारेक हजार. पहिल्या महिन्याचं भाडं धरून एकूण १,२४,०००, माणशी ३१,०००. यात गाद्या, गॅस, बादल्या काहीच नाही. घरच्यांना आकडा सांगताना हा सांगा, नुसतं "सहा हजार भाडं" सांगू नका. वडील कुठून तरी उसने आणतात आणि आठवड्याने पुन्हा मागायला आपल्यालाच जीव होत नाही.

डिपॉझिटवर घासाघीस होते. विद्यार्थी आहोत, एक महिन्याचं कमी करा, असं सरळ म्हणा. बरेच मालक दोनवर येतात. ब्रोकरेजवरही बोला, आणि ते करार झाल्यावरच द्या. घर दाखवण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका.

हे सगळं मालकाकडून आधीच स्पष्ट करून घ्या: मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळा, सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती, लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची. लॉक-इनच्या आत सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. तुमचा अभ्यासक्रम मेमध्ये संपत असेल तर त्या हिशेबाने मुदत ठरवा.

करार

इथे थांबून सावकाश वाचा.

महाराष्ट्रात भाड्याचा जो करार सर्रास होतो त्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करू" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे सांगून मालकाला धमकावू नका. "काका, नोंदणी तुमच्याही फायद्याची आहे" एवढं म्हटलं की पुरतं.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते कशावर? एकूण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजावर. आपल्या उदाहरणात २४,००० गुणिले ११ म्हणजे २,६४,०००, आणि ७२,००० वरचं अकरा महिन्यांचं व्याज ६,६००. बेरीज २,७०,६००, तिच्यावर ०.२५ टक्के म्हणजे सातशेच्या आतबाहेर. शहरी हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. ऑनलाइन नोंदणीचं किरकोळ शुल्क धरलं तरी सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास, माणशी पाचशे. बाकी पैसे घरी येऊन आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर काम करून देणाऱ्याचे असतात, ते दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवा.

आता नावांचं. पहिल्या वर्षी मी ज्या फ्लॅटमध्ये राहिलो, त्याच्या करारावर एकाच मुलाचं नाव होतं. आम्ही तिघं त्याला पैसे द्यायचो, तो मालकाला द्यायचा. फेब्रुवारीत त्याला नोकरी लागली, त्याने नोटीस दिली, मालकाने डिपॉझिट करारात नाव असलेल्या माणसाला परत केलं. कागदाप्रमाणे मालकाचं काही चुकलं नव्हतं. आमचे तिघांचे पैसे त्या मुलाकडून हप्त्याहप्त्याने यायला परीक्षा उजाडली, आणि परीक्षेच्या तोंडावर आम्ही घर शोधत होतो.

दुसरं नुकसान तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारच्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह धरून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. भाड्याने राहत असल्याचा पुरावा या अर्जांमध्ये लागतो. आमच्यातला एकजण पात्र होता आणि त्याच्याकडे त्याच्या नावाचा कागदच नव्हता. वर्षाच्या भाड्याइतकी मदत एका नावापायी अडली. म्हणून चौघं राहणार असाल तर चौघांची नावं लायसन्सी, म्हणजे भाड्याने राहणारे, म्हणून घाला. मालक म्हणेल कटकट होते. नाव वाढवलं म्हणून मुद्रांक शुल्क वाढत नाही, वेळ तेवढा दहा मिनिटं जास्त जातो.

मसुदा सही करण्याच्या आदल्या दिवशी मागवून घ्या. भाडं, डिपॉझिटची रक्कम आणि ती कशी दिली, नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच आहे का, डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत मिळणार, रंगाची अट, फर्निचरची यादी, आणि एकजण सोडून गेला तर दुसरा आणायची मुभा. शेवटचं कलम तयार मसुद्यांत सहसा नसतं. सांगून घालून घ्या. आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधार द्या, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

पोलिसांकडची नोंद

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं मालकाचं काम आहे, आणि ते ऑनलाइन होतं. एक बारकावा मात्र माहीत असू द्या. औंध, बाणेर पुणे पोलीस आयुक्तालयात येतं, सांगवी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. सांगवीत राहून अर्ज पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरला तर फुकट जातो. नोंद झाल्याची प्रत मागून मोबाइलमध्ये ठेवा.

किल्ली मिळाल्याच्या दिवशी

सामान आत आणण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा. भिंतीवरचे डाग, फुटलेली फरशी, कपाटाची मोडकी कडी, आणि विजेच्या मीटरचा आकडा. मग मालकाला मेसेज करा: "काका, आज ३ ऑगस्टला घर ताब्यात घेतलं. मीटरवर आकडा ४,२१८ आहे. किचनचा एक नळ गळतोय, बेडरूमच्या खिडकीची काच तडकलेली आहे. व्हिडिओ सोबत पाठवतोय." त्यांचं "ओके" आलं की बास. अकरा महिन्यांनी ही काच कोणी फोडली, हा प्रश्न त्या "ओके"वर सुटतो.

भाडं रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि कोणत्या महिन्याचं ते लिहा.

महिन्याचा हिशेब

लाइटबिलाचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात: पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. चौघांच्या घरात खरा खाऊ गिझर असतो. दोन किलोवॉटचा गिझर माणशी पंधरा मिनिटं चालला तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०. बटण बंद करायला विसरलात तर आणखी. बाथरूमच्या दारावर चिठ्ठी लावा, ती खरंच उपयोगी पडते.

गॅससाठी पत्त्याच्या पुराव्याअभावी अडत असाल तर पाच किलोचं छोटं सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतं. रोजचा सगळा स्वयंपाक स्वतः करू असं पहिल्या आठवड्यात वाटतं. सेमिस्टर सुरू झाल्यावर एका वेळचा डबा किंवा मेस लावावीच लागते. स्वयंपाकाला मावशी ठेवल्या तर त्यांच्या सुट्ट्या आणि पगाराची तारीख आधी ठरवा आणि पगार कधीही थकवू नका.

दर महिन्याच्या पाच तारखेला चौघांनी ठरलेली रक्कम एका डब्यात किंवा एकाच्या खात्यात टाकायची आणि दूध, भाजी, झाडू, वायफाय त्यातून भागवायचं. हिशेब सांभाळणारा दर दोन महिन्यांनी बदला. एकाच्याच अंगावर राहिला की तो मनातून कुढतो आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

सोडताना

नोटीस लेखी द्या, मेसेजवर दिली तरी चालेल, पण तारीख असू द्या. चौघांतला एकच जात असेल तर येणाऱ्याने जाणाऱ्याला त्याच्या वाट्याचं डिपॉझिट द्यायचं आणि मालकाला तिघांनी मिळून कळवायचं, अशी पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण नवीन माणसाचं नाव करारावर येईपर्यंत तो माझ्या पहिल्या वर्षाच्या जागी उभा असतो. मालकाशी बोलून नवा करार करा, किंवा निदान सध्याचा करार संपून नवा होताना त्याचं नाव घाला.

करार संपल्याच्या तारखेनंतर नूतनीकरण न करता तसंच राहू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागू शकतो. संपायच्या महिनाभर आधीच बोलणी करा.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा, असं मालकाला सुचवून बघा. तो तयार झाला तर परत घ्यायची रक्कम कमी उरते आणि अडकण्याची भीतीही. एकतर्फी भाडं थांबवू नका. घर झाडून-पुसून, लाइटबिल त्या दिवशीच्या रीडिंगपर्यंत भरून, पुन्हा तोच व्हिडिओ काढा, त्याच क्रमाने, त्याच खोल्या. मालकाला घरात बोलावून सगळं दाखवा, कापायचे पैसे तिथेच उभ्याने ठरवा, आणि प्रत्येकाचा वाटा ज्याच्या-त्याच्या खात्यात यायला सांगा. चारही मेसेज मोबाइलवर वाजले की किल्ल्या हातात द्या, डुप्लिकेट धरून सगळ्या.